मोठेबाबांचं नाव

गोवऱ्यांचा ढीग पेटला तेव्हा आमच्या घरातल्या दोन उमेदवारांच्या मध्ये फक्त धूर होता. धुराच्या अलीकडे वच्छलाकाकू, पदर खोचून, हातात लांब काठी. पलीकडे लिंबाखाली सतरंजीवर मोठेबाबा, पगडी काढून मांडीवर ठेवलेली. बुलढाण्याच्या म्युनिसिपालटीतल्या एकाच जागेसाठी दोघांनी अर्ज भरलेले, मतदानाला नऊ दिवस उरलेले, आणि तरीही कुळाचे रोडगे काही चुकणार नव्हते. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी सगळ्या जवंजाळांनी मोताळ्याच्या रस्त्यावरच्या शेतात जमायचं, कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, देवाला दाखवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचं. भांडण असलं तर ते घरी ठेवून यायचं, असं रुखमाआजी दरवर्षी बजावते. या वर्षी भांडण दोन वेगवेगळ्या छकड्यांत बसून आलं.

मला मात्र कधी एकदा पोहोचतो असं झालं होतं. एकाच घरातली दोन माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहिली तर जेवताना ती शेजारी बसतात की समोरासमोर? वाढणारी कोणाला आधी वाढते? असली उत्तरं शाळेत मिळत नाहीत.

मोठेबाबा म्हणजे भगवंतराव, माझ्या बाबांचे सगळ्यांत थोरले भाऊ. नऊ वर्षं आमच्या जवंजाळपुऱ्याचे मेंबर, तिन्ही वेळा बिनविरोध. वच्छलाकाकू मधल्या भावाची, रामकाकांची बायको. रामकाका जाऊन सहा वर्षं झाली. घर काकूंच्या नावावर, घरपट्टी त्याच भरतात, आणि इंग्रज सरकारच्या कायद्यात पट्टी भरणाऱ्यालाच मत, म्हणून मत त्यांचं आणि अर्जही त्यांना भरता आला.

भरला तो विहिरीमुळं. पुऱ्याच्या खालच्या अंगाला विहीर आहे, तिला बायांच्या बाजूनं कठडा नाही. पुरुषांच्या बाजूला आहे, कारण ती बाजू रस्त्यावरून दिसते. गेल्या चैत्रात शेजारच्या गौसियाचाचीची मुलगी सायरा घागरीसकट आत गेली. दोर सोडून काढली, पण तिचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. सायरा माझ्याच वर्गात होती, आता येत नाही. काकूंनी मोठेबाबांना तीनदा सांगितलं. थोरल्या दिरासमोर, आमच्याकडे ज्यांना भासरे म्हणतात त्यांच्यासमोर, उभं राहायचं नाही म्हणून तिन्ही वेळा दाराआडून. तिन्ही वेळा बाहेरून उत्तर आलं, "पाहू." चौथ्यांदा काकू दाराआड गेल्याच नाहीत. सरळ कचेरीत गेल्या आणि अर्ज भरून आल्या.

"काय मामी, औंदा तूप लय सढळ दिसते," उकंडराव धुरातून डोकं काढून म्हणाले. हे मोठेबाबांचे भाचे आणि त्यांच्या निवडणुकीचे कारभारी. "मतदार पाहून ओतता का?"

"मागच्या साली तुमी नऊ रोडगे खाल्ले होते, उकंडराव," काकू रोडगा उलटवत म्हणाल्या. "तवा कोन्ती निवडनूक होती?"

बाया खदखदून हसल्या. उकंडराव पुन्हा धुरात गेले. पण काकू हसल्या नाहीत, हे मी पाहिलं. त्या माझ्या आईकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "पाह्यलं शालू? परवा मी निवृत्तीच्या सुनेले शेक द्याले गेली. पाचव्या दिवसाची बाळंतीन. तिची सासू दारातच मनते, 'मत तुमालेच देतो बाई, आत काऊन येता?' बावीस वर्सं मी त्या घरी जाऊन राह्यली. आता शेकाची शेगडी नेली तरी मत मागाले आली वाटते."

"मंग नका जाऊ नऊ दिवस."

"अन् ते लेकरू थांबते नऊ दिवस?"

आई वांगी चिरू लागली. तशी आई काकूंच्याच बाजूची होती, पण ती बाजू तिला दबक्या आवाजात घ्यावी लागायची. बाबा शाळामास्तर, आणि ती मास्तरकी मोठेबाबांच्या शब्दानं लागलेली.

आता मतांचं. आमच्या भावकीतल्या बायांची नावं मतदारयादीत पहिल्यांदाच आली होती, तीही थोडीथोडकी नाहीत, सव्वीस. ही सगळी मोठेबाबांची करामत. काकू विहिरीवरून बोलायला लागल्या तेव्हाच त्यांना वास लागला. यादी बनायच्या आधी त्यांनी भावकीतल्या पुरुषांना बसवून सांगितलं की कोणी गोठा, कोणी मागची खोली, कोणी परसातलं छपर बायकोच्या नावावर करा, पट्टी तिच्या नावानं भरा, म्हणजे घरात एक मत जास्त. सव्वीस अंगठे उठले. मोठीआईच्या, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोच्या नावावर गोठा झाला. तिनं विचारलं होतं, "कायचा कागद हाय?" मोठेबाबा म्हणाले होते, "तुले काय कराचं?"

आणि मतदान कसं करायचं, हे भावकीत फक्त मला माहीत होतं, कारण मतदान आमच्याच शाळेत होतं आणि जाहीरनामा आमच्याच वर्गाच्या भिंतीवर चिकटवला होता. मी तो चारदा वाचला. ज्याला लिहिता वाचता येतं त्यानं कागदावर खूण करावी. ज्याला येत नाही त्यानं उमेदवाराचं नाव अधिकाऱ्यासमोर स्पष्ट शब्दांत उच्चारावं. खुणेनं सांगू नये, दुसऱ्यानं सांगू नये, सोबत कोणी आत येऊ नये.

"मोठीआई, तुला येतं का मत द्यायला?" मी विचारलं. ती परातीजवळ बसून गोळे वळत होती.

"त्यात काय येनं अन् न येनं? जाचं अन् देचं."

"तसं नसतं! थांब, मी दाखवते."

मी रिकामं घमेलं पालथं घातलं, त्यावर माझी पाटी ठेवली आणि मागं मांडी घालून बसले. "मी नागपूरहून आलेला साहेब. रांगेनं या. गडबड नको."

"बाप्पा! सायबाच्या नाकाले पीठ लागलं!"

"साहेबाच्या नाकाबद्दल बोलू नये. पहिली कोण?"

भावकीतली एक काकी पदर सावरत पुढं आली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

"बोला बाई. मत कोणाला?"

"त्याईले."

"त्याईले म्हणजे?"

"आमच्या भासऱ्याईले."

"सरकारला भासरे नसतात. नाव सांगा."

"अवं, ते मिशावाले!"

"कागदावर मिशा लिहीत नाहीत."

"लाल पगडीवाले," मागून एकीनं मदत केली.

"सोबतच्या बाईनं बोलू नये. नाव!"

काकीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नाव कसं घेऊ वं पोट्टे? जीभ झडन माह्यी."

"मग मत बाद. पुढची!"

काय हशा पिकला! दुसरी आली, तिला मोठेबाबा मामंजी लागतात, तिनं आकाशाकडे बोट केलं. तिसरीनं मोठीआईकडे बोट केलं आणि म्हणाली, "हिच्या कुकवाचे धनी." मी दोघींना बाद केलं. मग गौसियाचाची आली. दर वर्षी ती कुळाच्या रोडग्यांना येते, तिचं घर काकूंच्या भिंतीला भिंत लावून आहे. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "मले कोनाचंबी नाव घेता येते सायब, पन मले घ्याचं हाय वच्छलाबाईचं." आणि वच्छलाबाई हे नाव तर सगळ्यांनाच घेता येत होतं. काकू नात्यानं कोणाची जाऊ, कोणाची चुलतसासू, पण बाईचं नाव घ्यायला कोणालाच आडकाठी नव्हती.

रुखमाआजी बाजेवरून ओरडली, "मी घेतो ना! भगवंत्या, भगवंत्या, भगवंत्या! न्हानपनी मीच त्याले धुतला." आजी मोठेबाबांची सख्खी आत्या. अख्ख्या कुळात त्यांचं नाव घेऊ शकणारी मोठी बाई ती एकटी, आणि तिचं घर मोताळ्यात, त्यामुळं मत इथं नाही. मी भावकीची लेक, मलाही नाव घ्यायला बंदी नाही, पण चौदा वर्षांच्या मुलीला मत कुठलं?

पाटीवर चौदा बाया झाल्या. सहा काकूंच्या. आठ मोठेबाबांच्या, आणि आठच्या आठ बाद.

"मंग मत वाया काऊन घालवाचं?" पहिली काकी म्हणाली. "वच्छलेचं नाव घेऊन टाकतो. ते त जिभीवर बसते."

"हाव, मीबी."

"मीबी तेच करतो बाप्पा."

मी पाटीकडे पाहिलं. चौदा पैकी चौदा. म्हणजे सव्वीस पैकी... मी उभी राहून टाळ्याच वाजवल्या. "काकू! तुम्ही जिंकल्या! मोठेबाबांचं नाव कोणालाच घेता येत नाही! सगळी मतं तुमची!"

माझा आवाज शाळेत प्रार्थना सांगण्याच्या कामाचा आहे. धुराच्या पलीकडे उकंडरावांची पाठ ताठ झालेली मला दिसली, आणि मी काय केलं ते मला कळलं.

काकूंच्या हातातली काठी थांबली होती. रोडग्यांची एक ओळ उलटायची राहून गेली आणि खालून काळी पडली. असं कधी होत नाही. वच्छलाकाकूंचा रोडगा करपला असं जवंजाळपुऱ्यात कोणी ऐकलेलं नाही.

"शालू, हे खरं हाय?" काकूंनी विचारलं.

"पोरगी वाचून आली ना." आईचे डोळे चमकत होते. तिनं काकूंचा दंड धरला. "आता नऊ दिवस तोंड उघडू नका. विहिरीचं काम झालं समजा. पोट्टीनं बोंब मारली नसती त आनखी बरं झालं असतं." आणि मला एक चिमटा बसला. लागला चांगलाच.

काळी ओळ आरातून काढून काकू एकेक रोडगा झटकत बसल्या.

लिंबाखाली पुढं काय झालं ते मी पाहिलं नाही. पण त्या रात्री बाबांनी ते सगळं आईला सांगितलं, आणि आमच्या दोन खोल्यांमधली भिंत कुडाची आहे.

मोठेबाबांना आधी हसूच आलं म्हणे. "माह्यं नाव घेता येत नाई मनून मी पडतो? असं कुठं झालं हाय का बे उकंडा?" मग ते बोटांची पेरं मोजू लागले. मनात एकेक घर घेत गेले असावेत. हिचा मी भासरा, तिचा मामंजी, हिचा चुलतसासरा. सव्वीसच्या सव्वीस अंगठे त्यांनी स्वतः जमवलेले. गोठे, छपरं, मागच्या खोल्या. त्यांनी बाबांना विचारलं, "वामन, कागदावर तसंच हाय?"

"तसंच आहे दादा. खुणेनं चालत नाही."

"डिप्टी कमिशनर सायबाले अर्ज करू," उकंडराव म्हणाले. "बाईसंगं तिचा मानूस आत जाऊ द्या मना."

"अन् काय लिहू त्यात? भगवंतराव जवंजाळच्या घरच्या बाया त्याचं नाव घेत नाईत, मनून मानूस पाठवतो? कचेरीत हसतीन." मोठेबाबांनी पगडी डोक्यावर ठेवली. "मी सांगतो त्याईले. माह्या शब्दाबाहेर कोन हाय?"

बाबा आईला म्हणाले, "मला वाटलं दादा चिडतील. चिडले नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की सांगितलं की झालं."

पुरुषांची पंगत उठली. बाया बसल्या. पत्रावळींवर रोडगे फुटले, त्यात तूप जिरलं, वरण ओतलं गेलं, आणि मोठेबाबा बायांच्या पंगतीपाशी येऊन उभे राहिले. असं कधी झालं नव्हतं. पदर एकदम खाली आले, वाऱ्यानं ज्वारीचं वावर एका बाजूला लवतं तसे. तेही सरळ उभे नव्हते, बांधाकडे तोंड करून तिरपे उभे होते.

"जेवा, जेवा," ते बांधाला म्हणाले. "एक सांगाचं होतं. पुढच्या मंगळवारी मतं हायेत. तिथं सायब नाव इचारन. लाजाचं नाई. मी सांगून राह्यलो. माह्यं नाव घ्या."

कोणी घास तोंडात नेईना, कोणी खाली ठेवीना.

"दोष लागत नाई. मीच मनतो त कायचा दोष? आता घेऊन पाहा. एकेकीनं."

माझ्यासमोरची काकी वरणात बोट फिरवत होती, फिरवतच होती. लिंबावर कावळे बोलत होते. मी इतके कान टवकारून बसले होते की मला घास चावायचीही भीती वाटली, आवाज होईल म्हणून.

"सोजरा," मोठेबाबांचा आवाज जरा उतरला. "तू घे. तू घेतलं की साऱ्या घेतीन."

आमच्या समोर त्यांनी मोठीआईला कधी नावानं हाक मारली नव्हती. मोठीआईनं मान वर केली नाही. "इतक्या वर्सांत नाई घेतलं," ती पत्रावळीला म्हणाली, "आता जेवता जेवता घेऊ?"

"उखान्यात घे वं!" रुखमाआजी बाजेवरून. "लगनात घेतलंच होतं का नाई?"

एकदोघी फिसकन हसल्या. पण उखाणा नवऱ्यासाठी असतो. भासऱ्यासाठी, मामंजीसाठी कोण उखाणा घेतं?

मोठीआईनं मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं की त्या वेळी ते नाव तिच्या अगदी दातांपर्यंत आलं होतं. लग्नात नऊ वर्षांची असताना एकदा घेतलं, सासूनं शिकवलेल्या दोन ओळींत. त्यानंतर तीस वर्षं कधी नाही. मोठेबाबा तापानं फणफणले तेव्हा वैद्यालाही तिनं "घरात बरं नाही" एवढंच सांगितलं. तिला वाटलं, घ्यावं. पण तिच्या कानात घुमत होतं ते वेगळंच. या माणसानं कधी आपल्याकडे काही मागितलं नाही. गोठ्याच्या कागदावर अंगठा घेतला तेव्हाही नाही. आता मागून राहिलेत. त्यांचा मागतानाचा आवाज कसा असतो ते तिला पहिल्यांदा कळलं, आणि ऐकता ऐकता बोलायचं राहून गेलं.

मोठेबाबा उभेच होते. त्यांच्या मानेवर घाम आला होता, मार्गशीर्षात. मला एकदम त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून माझं मलाच नवल वाटलं, कारण नऊ दिवसांनी ते पडावेत म्हणून मी रोज शाळेच्या मारुतीला एक प्रदक्षिणा जास्त घालत होते.

तेवढ्यात काकू तुपाचं भांडं घेऊन पंगतीच्या मधोमध आल्या. तोंड बांधाकडे नाही, पंगतीकडेही नाही. सरळ मोठेबाबांकडे. पदर डोक्यावर होता, चेहऱ्यावर नव्हता.

"भगवंतराव सीतारामजी जवंजाळ," काकू म्हणाल्या.

स्वच्छ. तिन्ही शब्द. भासऱ्याचं तर घेतलंच, सासऱ्याचंही घेतलं.

"वच्छले!" रुखमाआजी बाजेवर उठून बसली.

"असं मनाचं," काकू बायांना म्हणाल्या. "पुरं मनाचं, बापाच्या नावासगट, नाई त सायब परत इचारन. ज्याईले याईले मत द्याचं असन त्याईनं असं मना. ज्याईले मले द्याचं असन त्याईनं माह्यं मना. नाव घेता येत नाई मनून कोनी माह्याकडं येऊ नका."

मोठेबाबांनी एवढ्या वेळात पहिल्यांदा पंगतीकडे तोंड केलं. ते काकूंकडे पाहत होते. बावीस वर्षं एकाच आळीत राहून त्यांनी हा चेहरा पाहिला नसावा, निदान बाबा तसं म्हणाले. त्यांना जे हवं होतं ते झालं होतं. त्यांनीच सांगितलेलं झालं होतं. आणि तरी ते उभे होते, कोणी डोक्यावरची पगडी उचलून, झटकून, परत ठेवावी तसे.

"ठीक," ते म्हणाले, आणि गेले.

मग जे सुरू झालं! पाण्याचा तांब्या मागायलाही ज्या बोलल्या नव्हत्या त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"भासऱ्याचं नाव! तोंडावर!"

"अन् मामंजीचं बी. गेलेल्या मानसाचं."

"हिले मत द्याचं का आता? उद्या सुनाईले काय शिकवन हे?"

"मी देनार होती," पहिली काकी फणकारली. "आता नाई देत बाप्पा."

गौसियाचाची उठून काकूंच्या शेजारी जाऊन बसली आणि आपल्या पत्रावळीतला अर्धा रोडगा काकूंच्या पुढं ठेवला. काकूंनी तो खाल्ला नाही.

आई रडकुंडीला आली होती. भांडी घासताना तिनं काकूंना गाठलंच. "हातची मतं घालवली तुमी. ताटात आलेली. अन् नावबी खराब झालं. काऊन केलं असं?"

काकू राखेनं पातेलं घासत राहिल्या. "शालू, पाह्य इकडं. नाव घेता येत नाई मनून सव्वीस बाया मले निवडून देतीन. मंग मी कमिटीत जाऊन मनन, विहिरीले कठडा पाह्यजे. तिथं बसलेले समदे मनतीन, तुले कोनं पाठवलं? अन् मी मागं वळून पाहीन त मागं कोनीच नाई. साऱ्या मनतीन, आमी कुठं पाठवलं, आमच्या त जिभेनं पाठवलं."

"अन् पडल्या त?"

"त पडन."

"अन् सायरासारखी दुसरी पोरगी पडली त?"

काकूंचा हात पातेल्यात थांबला. त्या उठल्या आणि पाणी आणायला गेल्या, पाणी भरलेलं असताना.

ते नऊ दिवस काकू निवृत्तीच्या सुनेला शेक द्यायला रोज गेल्या. दोन घरांनी त्यांना ओटीवरूनच परत पाठवलं. पुऱ्यात लग्न असलं की कणकेला त्यांना बोलावणं असायचं, या वेळी आलं नाही. त्या न बोलावता गेल्या, कणीक मळली आणि परत आल्या. मी सोबत होते. वाटेत मी विचारलं, "काकू, तुम्हाला भीती वाटते का पडायची?" त्या म्हणाल्या, "लय." मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील.

मंगळवारी आमच्या वर्गाला सुट्टी होती, म्हणून मी शाळेत गेले. वर्गाच्या मागच्या बाजूला पेरूचं झाड आहे आणि त्याची एक फांदी खिडकीपर्यंत जाते. कोणत्या फांदीवर बसलं की मास्तरांना दिसत नाही हे मला माहीत असणारच. साहेब नागपूरचा, चष्मा लावलेला. त्यानं आमचंच टेबल घेतलं होतं, एक पाय लंगडा असलेलं, आणि त्याखाली कागदाची घडी घालायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो लिहायला लागला की टेबल डुलायचं.

निकाल संध्याकाळी लागला. काकू तीन मतांनी निवडून आल्या. ढोल नव्हते, कारण ढोल उकंडरावांनी आधीच ठरवून ठेवले होते आणि ढोलवाले त्यांच्या दारात गप्प बसून होते. पण मला सांगायचंय ते निकालाचं नाही, दुपारचं.

दुपारी बाया आल्या. रांगेनं, शेतात मी बसवल्या होत्या तशाच. मोठेबाबा समोरच्या ओसरीवर खांबाला टेकून बसले होते. आत काय बोललं जातं ते तिथवर ऐकू येत होतं, खिडक्या मोठ्या आहेत. पहिली काकी आत गेली, टेबल धरलं, डोळे मिटले आणि बंदूक सुटावी तसं म्हणाली, "भगवंतरावसीतारामजीजवंजाळ!" आणि पळाली. साहेबानं अंगठा घ्यायला तिला परत बोलावलं. मग एक एक. काही काकूंचं नाव घेत होत्या. पण ज्यांना मोठेबाबांचं घ्यायचं होतं त्या घेत होत्या. कोणी कुजबुजत, कोणी घाबरत, एकीनं तर घेऊन झाल्यावर स्वतःच्या गालावर हलकेच मारून घेतलं. अकरा जणींनी ते नाव घेतलं. प्रत्येक वेळी ओसरीवर मोठेबाबांची मान जराशी वर यायची, आपल्याला कोणी हाक मारली की काय असं वाटून.

सगळ्यांत शेवटी मोठीआई. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात काही नाही.

"नाव?" साहेब म्हणाला.

"सोजराबाई."

"तुमचं नाही. मत कोणाला ते नाव."

मोठीआईनं खिडकीतून समोर पाहिलं. पदर नीट केला. आणि घरात कोणाला हाक मारतानाही ती कधी वापरत नाही अशा मोकळ्या आवाजात म्हणाली,

"भगवंतराव. भगवंतराव सीतारामजी जवंजाळ."

मोठेबाबा उठून उभे राहिले. खरंच उभे राहिले. साहेबानं टाक दौतीत बुडवला.

"थांबा सायब, लिहू नका," मोठीआई म्हणाली. "ते नुसतं घेऊन पाह्यलं. तीस वर्सं झाली, येते का नाई पाहावं मनलं. मत वच्छलाबाईले."

साहेबाचा टाक हवेतच राहिला. शाईचा एक थेंब आमच्या टेबलावर पडला. "मग आधी घेतलेलं नाव?"

"ते राहू द्या," मोठीआई म्हणाली. "ते माह्याजवळचं हाय."